पाहणाऱ्याची जागा

नाशिक, ६ जानेवारी २००८

प्रिय मामा,

वाकून नमस्कार केलाय असं समजा. खरं तर मी खोलीभर पसरलेल्या नकाशावर बसलेय आणि वाकले तर रंग पुसला जाईल.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या गोटीरामकाकांना निरोप सांगितला की तो निम्म्या चांदवडला कळतो. म्हणून पत्र. तुम्हाला आतून बरंच वाटलं असेल, मला माहीत आहे.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक मोठं काम मांडावं लागतं. वर्गातली पोरं घोडे, बुद्ध आणि छत्र्या रंगवताहेत. मी भैरवनाला घेतलाय. आमच्या कॉलनीच्या मागून जातो तो. पलीकडे नव्या इमारती होताहेत आणि तिथला एक बिल्डर हा नाला बुजवायला निघालाय. सगळे त्याला नाना म्हणतात. पहाटे डंपर येतात, राडारोडा ओततात आणि उजाडलं की पसार. वर हा नाना पेपरात सांगतो की नाला आपोआप भरला, त्याचा काही संबंध नाही. रहिवाशांनी कोर्टात दावा लावलाय, पण पुरावा कुठे आहे?

म्हणून मी ऑर्कुटवर एक कम्युनिटी काढली. ऑर्कुट म्हणजे कॉम्प्युटरवरचा पार समजा. कोणीही येऊन बसतं, कोणीही बोलतं. लोक मोबाइलवर काढलेले नाल्याचे फोटो मला पाठवतात. मी ते छापते आणि नकाशावर जागच्या जागी चिकटवते. कामाचं नाव ‘आम्ही पाहतोय’. फोटो कुणाचा, हे कधीच सांगायचं नाही, असा शब्द मी दिलाय. त्या बोलीवरच लोक पाठवतात.

आणि एक फोटो आलाय ना, मामा! पहाटेचा कोवळा उजेड, काठावर डंपर, आणि मधोमध खुद्द नाना, हातात काठी घेऊन कुठे ओतायचं ते दाखवतोय. गाड्यांचे नंबरसुद्धा वाचता येतात. कोणी काढला ते मी तुम्हालाही सांगणार नाही. एक प्रत सोबत पाठवतेय.

तुमची लेक, आमची स्नेहलताई, मजेत. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला सकाळची ड्यूटी असते, त्यामुळे भेट कमी होते.

तुमची,
यशश्री


चांदवड, ११ जानेवारी २००८

चि. यशूस आशीर्वाद.

नमस्कार पोहोचला. बसल्या बसल्या केलेला असल्यामुळे निम्माच जमा करून घेतला.

तुझा पार समजला. आमच्या इथल्या पारावरही लोक नाव न सांगता बरंच काही बोलतात, पण तिथे आवाजावरून तरी माणूस ओळखू येतो. मला एक कळत नाही. चित्राखाली सही नको, हे कसलं शिक्षण? मी जन्मभर पोरांना बजावत आलो की सही करा, म्हणजे चित्राची जबाबदारी घ्या. सही नसलेलं चित्र म्हणजे बेवारस मूल. राग मानू नकोस, म्हातारं झालं की असं बोलायची मुभा मिळते.

फोटो मात्र भिंग लावून पाहिला. फार चांगला आहे. उंचावरून काढलाय, आणि काढणाऱ्याचा हात घाईत असूनही स्थिर होता. यावरून वर्गातला माझा खेळ आठवला. पोरांना एखादं छापील चित्र द्यायचो आणि विचारायचो, सांगा, हे काढणारा कुठे उभा होता? जमिनीवर की माडीवर? दाराशी की खिडकीत? कुठल्याही चित्रात पाहणाऱ्याची जागा लपलेली असतेच. पोरं कंटाळायची, कारण चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत त्याला मार्क नसायचे.

या नानापासून जपून राहा. काठी घेऊन स्वतः उभा राहणारा माणूस नोकरांवर सोपवणारा नसतो.

स्नेहल मला आठवड्याला एक पत्र लिहिते आणि त्यात चार ओळी असतात. नवा फ्लॅट हवेशीर आहे म्हणे, इमारत अर्धवट आहे, तिच्या खालचा मजला रिकामा, तिथे दारंसुद्धा बसवलेली नाहीत, त्यामुळे शांतता आहे. तिची आई गेल्यापासून मला तिची शांतता आवडत नाही. तू तिच्याकडे जात जा.

तुझा,
मामा


नाशिक, २७ जानेवारी २००८

प्रिय मामा,

प्रदर्शन झालं! कॉलेजच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. कोपऱ्यात कॉम्प्युटर ठेवून ऑर्कुटचं पान उघडं ठेवलं होतं, लोक तिथेच बसून लिहीत होते. आमच्या कॉलनीतल्या आजीबाईंनी माझा हात धरून नकाशावर स्वतःचं घर शोधलं. तुम्ही हवे होतात.

आणि कोण आलं असेल? नाना. पांढरा सफारी, हात जोडलेले, सोबत चारपाच माणसं. तो सरळ त्या फोटोपाशी गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, “बेटा, माझा इतका चांगला फोटो आजवर कोणी काढला नव्हता. कोणी काढलाय?”

मी म्हटलं, माहीत नाही.

“बरं. कुठून काढलाय?”

मला हसू आलं. म्हटलं, तेही माहीत नाही.

“असू दे,” तो म्हणाला, “कळेल.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. मामा, तो हात मला अजून जाणवतो.

दोन दिवसांनी पेपरात त्याचं निवेदन आलं की हा फोटो बनावट आहे, कॉलेजच्या पोरांनी कॉम्प्युटरवर जोडून केलाय. आता रहिवाशांच्या वकीलबाई म्हणतात, ज्यानं फोटो काढला त्यानं कोर्टात उभं राहून सांगायला हवं, नाहीतर या फोटोला काडीची किंमत नाही. सुनावणी मार्चमध्ये आहे. मी त्या व्यक्तीला गळ घातलेली नाही. घालणारही नाही. शब्द म्हणजे शब्द.

एक गंमत सांगायची राहिली. प्रदर्शनात एक गृहस्थ भेटले, जाड भिंगांचा चष्मा, खिशात पेन्सिली. माझ्या नकाशाकडे बघून म्हणाले, “पर्स्पेक्टिव्ह म्हणजे यथार्थदर्शन पक्कं हाय तुमचं. कोणी शिकवलं?” मी अभिमानानं तुमचं नाव सांगितलं तर त्यांनी चक्क दोन्ही कान पकडले! भिमाजी म्हणून तुमचे विद्यार्थी. इथे ड्राफ्ट्समन आहेत, इमारतींचे नकाशे काढतात. म्हणाले, “सर लय मारायचे, पण हात त्यांनीच बसवला. अजून तिथंच राहतात ना? जाऊन पाया पडतो एकदा.” मी पत्ता दिलाय.

तुमची,
यशश्री


चांदवड, ४ फेब्रुवारी २००८

चि. यशूस आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

तुझं काम फत्ते झालं आहे. मामा म्हातारा असला तरी टाकाऊ नाही.

काल भिमाजी आला. गुणी पोरगा. पाया पडला, द्राक्षांची पेटी ठेवली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, “सर, तुमच्या भाचीचा फोटो लोक खोटा म्हणत्यात. ती पोरगी उगाच बदनाम व्हायली. तुम्हीच सिद्ध करा का फोटो खरा हाय.” फोटो आणि त्या भागाचा मापासकट नकाशा त्यानं सोबत आणला होता.

मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि दोघं बसलो. फोटोत मंदिराचा कळस आणि विजेचा खांब एकामागे एक आलेत. नकाशावर त्या दोघांतून रेघ काढली की पाहणारा त्या रेघेवरच कुठेतरी असणार. दुसरी रेघ पाण्याच्या टाकीचा कोपरा आणि बाभळीतून काढली. दोन्ही रेघा जिथे भेटल्या तिथे नाल्यापलीकडची एक इमारत निघाली, प्लॉट नंबर सत्तावीस. फोटोत क्षितिज मंदिराला कुठे छेदतं त्यावरून उंची काढली. तिसरा मजला, नाल्याकडची डावी खिडकी. इकडे नाही, तिकडे नाही, तीच.

आता सांग, खोट्या फोटोला खरी खिडकी कशी सापडेल? कॉम्प्युटरवर जोडलेल्या चित्रात दोन रेघा कधी भेटत नाहीत. हा पुरावा कुठल्याही न्यायाधीशाला पटेल. मी स्वच्छ रेखाटन करून खाली सही केली आणि भिमाजीला दिलं. त्यानं घडी घालून छातीशी ठेवलं.

तुझा शब्दही मी मोडलेला नाही हं. काढणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही आणि नकोय. मी फक्त जागा सांगितली.

तुझा,
मामा


नाशिक, ८ फेब्रुवारी २००८

मामा,

ती खिडकी स्नेहलताईची आहे.

फोटो तिनं काढला. पहाटे ड्यूटीवर निघायच्या आधी ती खिडकीत चहा घेते. तुम्ही काळजी कराल म्हणून ती फ्लॅट नाल्याशेजारी आहे हे तुम्हाला कधी बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. तुमची पत्रंही ती हॉस्पिटलच्या पत्त्यावरच मागवते.

भिमाजी नानाकडेच नोकरीला आहे. हे मला आज कळलं. त्याच्या सगळ्या स्कीमचे नकाशे हाच काढतो. फोटो खरा आहे हे नानाला सिद्ध करायचं नव्हतं मामा, ते त्याला आधीच माहीत होतं. तो स्वतःच तर आहे त्यात.

परवापासून इमारतीखाली एक जीप उभी असते. आतली माणसं उतरत नाहीत. काल ताई जिना उतरली तेव्हा एकानं काच खाली करून नुसतं विचारलं, “मॅडम, तिसऱ्या मजल्यावरून नाला चांगला दिसतो का?” ती हॉस्पिटलात गेली, दिवसभर काम केलं, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन दाराला आतून कडी घातली. जागा सोड म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, आज पळाले तर फोटो माझाच हे त्यांना पक्कं कळेल.

तुम्ही काहीही करू नका. कोणाशी बोलू नका. भिमाजी आला तर दार उघडू नका.

यशश्री


चांदवड, १४ फेब्रुवारी २००८

चि. यशू,

तुझं पत्र वाचलं. माझ्या पोरीची खिडकी मी स्वतःच्या हातानं दाखवली, सही करून दाखवली. देवासमोर बसलो तर देवाकडे बघवेना.

मग विचार केला की पेन्सिलीनं केलंय ते पेन्सिलीनंच निस्तरता येईल. गोटीरामला भिमाजीला फोन लावायला सांगितला, “सर म्हणतात गणितात चूक झाली, ये.” तो त्याच संध्याकाळी आला. जीपमधून आला.

मी त्याला तुझ्या पत्राचा वासही लागू दिला नाही. नेहमीसारखा खेकसलो, चहा दिला आणि कागद पसरला. म्हटलं, अरे, फोटो तिरका धरलेला आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, म्हणून क्षितिज वर धरलं गेलं. खरं क्षितिज खाली आहे. त्यामुळे इमारत तीच, खिडकीची रांग तीच, पण मजला दुसरा. त्याच्यासमोर नवी रेघ काढली आणि जुनी खोडली. शिक्षकानं स्वतःहून चूक कबूल केली की पोरं जास्त विश्वास ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

भिमाजीनं खोडलेल्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, “तुम्ही म्हणता तर तसंच, सर.” नवा कागद घेऊन गेला.

दुसरा मजला रिकामा आहे हे स्नेहलच्या पत्रामुळे मला ठाऊक होतंच. नुसत्या विटा आणि सिमेंट. कोणीतरी वर चढून फोटो काढून निघून गेला असं ते समजतील. आता जाऊ देत नानाच्या माणसांना तिथे. काय करतील, भिंतींना दम देतील?

खोटी रेघ मी आयुष्यात पहिल्यांदा काढली. पण काल किती तरी दिवसांनी मला झोप लागली. स्नेहलला यातलं काही सांगू नकोस, वेळ आली की मी सांगेन.

तुझा,
मामा


नाशिक, १५ फेब्रुवारी २००८

प्रिय मामा,

तुमच्या पत्राची वाट न बघता लिहितेय. मागच्या वेळी फार तुटक लिहिलं. घाबरले होते आणि रागही आला होता. तुम्ही माझ्यासाठीच केलंत, हे मला कळतं.

चार दिवस मी ताईकडेच राहतेय. आणि आश्चर्य म्हणजे आजपासून जीप दिसत नाही. सकाळी दोनदा गॅलरीतून वाकून पाहिलं. ताई पहिल्यांदा पोटभर जेवली. मला अजून खात्री वाटत नाही, पण तिचा चेहरा बघून मीही हसले.

जेवलो कुठे, ते ऐका. ताईच्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावर! ताई तुम्हाला त्याला रिकामा म्हणाली असेल, सगळेच म्हणतात. खालच्या नावांच्या पाटीवरही तो मजला कोराच आहे. पण तिथे केरू आणि अक्काबाई राहतात, सुरगाण्याकडचे. भातकापणी संपली की कामाला येतात. नव्या भिंतींना पाणी मारायचं आणि इमारत राखायची, त्या बदल्यात बिनदाराच्या खोलीत राहायचं. दाराच्या जागी साडी बांधलेली असते. संक्रांतीच्या आसपास आले आणि ताईची त्यांच्याशी चांगलीच गट्टी जमली.

अक्काबाईनं आम्हाला बघून विचारलंच नाही, सरळ ताट मांडलं. “नागलीची भाकर हाय, खा. तुमी पोरी नुसत्या चहावर जगता.” केरू फार बोलत नाही. पण जीपचं त्याच्याही लक्षात आलं होतं. ताईला म्हणाला, “घाबरू नको ताई. वर चढायचं तं आमच्या दारावरूनच जावं लागल.”

दार नाहीये त्याच्याकडे, मामा, आणि असं म्हणाला.

तुमची,
यशश्री


नाशिक, २१ फेब्रुवारी २००८

मामा,

केरू गेला.

रविवारी दुपारी. ताई ड्यूटीवर होती. मी माझ्या खोलीवर कपडे न्यायला आले होते आणि गच्चीवर उभी होते. नाल्यापलीकडे ताईच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे कठडा बांधायचा राहिलाय, तिथे केरू आणि आणखी तीन माणसं दिसली. एकाच्या हातात कागद होता. तो कागद बघायचा, खिडकी बघायचा, परत कागद. माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला. दोन फोटो निघाले. पहिल्यात चौघं आहेत. दुसऱ्यात तिघं.

पाणी मारताना पाय घसरून पडला, अशी पोलिसांत नोंद झाली. पाण्याचा पाइप गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला होता, तो मी स्वतः पाहिला.

अक्काबाई खाली त्याच्यापाशी बसली होती. मला म्हणाली, “फोन दे, फोन दे म्हनत व्हते. आमच्याजवळ कुठला फोन, ताई? त्यानं सांगितलं नाय म्हनून. तरी फोन दे, फोन दे.” दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेंपो आला आणि तिला सामानासकट गावाकडे घेऊन गेला. गावाचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. माझं तुम्हाला त्याच दिवशी मिळालं असेल. रस्त्यात कुठेतरी ती दोन पत्रं एकमेकांच्या बाजूनं गेली असतील. ‘रिकामा’ हा शब्द मी किती वेळा वाचला ते विचारू नका. मला तुमच्यावर ओरडायचंय आणि तुम्हाला ऐकू येत नाही. आणि ओरडून तरी काय, भिमाजीला तुमचा पत्ता मीच दिला. हसत हसत दिला.

स्नेहलताईला तुमच्या दुसऱ्या कागदाचं मी सांगितलेलं नाही. ती आता माझ्याच खोलीवर आहे. तिनं ठरवलंय की सोमवारी, तीन मार्चला, कोर्टात उभं राहून सांगायचं, फोटो मी काढला. केरूचंही बोलायचं. तिला थांबवायचा प्रयत्न मी केला नाही. तोपर्यंत आम्ही कुठे आहोत हे कोणाला कळता कामा नये. मोबाइलवर कोणीतरी फोन करून नुसतं गप्प राहतं, म्हणून दोघींनी सिम काढून टाकलीत.

तो पहिला फोटो, चौघांचा, मी परवा ऑर्कुटवर टाकला. लोकांनी पाहायला हवा. काळजी करू नका, शहाणी झालेय. सगळ्या कडा कापल्यात. खांब नाही, कळस नाही, टाकी नाही, आकाशसुद्धा नाही. नुसता मजला आणि माणसं. या वेळी जागा कोणालाच सापडणार नाही.

यशश्री


चांदवड, २८ फेब्रुवारी २००८

यशू,

हे पत्र अकराच्या बसनं वाल्मीक कंडक्टरच्या हाती पाठवतोय. पोरीच्या दारात नेऊन दे, खाली कोणाकडे ठेवू नकोस, असं त्याला बजावलंय. गोटीरामनं तुम्हा दोघींचे फोन लावून पाहिले, बंद आहेत. वाचलंस की दोघी ताबडतोब निघा. सामान आवरू नका. वकीलबाईंकडे जा आणि सोमवारपर्यंत तिथून हलू नका.

भिमाजी आलाय. बाहेर टेबलापाशी बसलाय. तू ऑर्कुटवर टाकलेला चौघांचा फोटो त्यानं छापून आणलाय, आणि तोच नकाशा.

मी फोटो हातात घेतला आणि मला लगेच कळलं. पोरी, कडा कापून काही होत नाही. मजल्याची वरची कड आणि खालची कड एकमेकींकडे झुकताना दिसतात ना, त्याच सांगतात पाहणारा कुठे आहे. नाल्यापलीकडची गच्ची. तुझी गच्ची. हे मी तुला शिकवायचं राहिलं होतं. त्यात कागद धरलेला माणूस पाठमोरा आहे, पण ती मान मी बाकावर वाकलेली वर्षानुवर्षं पाहिलीय. कागद माझा आहे आणि माणूस माझ्या घरात बसलाय.

मी म्हटलं, “भिमाजी, आता डोळे साथ देत नाहीत रे. मला नाही जमायचं.”

तो रागावला नाही. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, “असू द्या सर. मागच्या वेळी तुम्ही करताना मी बघत होतो. आता मलाबी जमतं.” मग म्हणाला, “तुमची दुसरी रेघ चुकली व्हती सर. मला तवाच दिसलं. पण तुम्ही सांगितलं, म्हणून तशीच पुढं दिली. तुमचा मान राखला.”

असं म्हणाला. तुमचा मान राखला.

केरूच्या दारात त्यांना मी पाठवलं. स्नेहलचा बाप म्हणून केलं असं स्वतःला सांगून पाहिलं, पण ते टिकत नाही, कारण तो मजला रिकामा आहे का हे मी एका शब्दानं विचारलं नाही. मला तसं मानायचं होतं. स्नेहलला हे सगळं सांग. तिनं माझं तोंड बघायचं नाही म्हटलं तरी चालेल. सोमवारी कोर्टात मी येणार, आणि दोन्ही कागद कोणी काढले ते सांगणार.

मी स्वतः या बसनं का येत नाही, असं वाटेल. त्याला इथे जेवायला थांबवलंय. पिठलं टाकलंय आणि शक्य तितका वेळ लावतोय. त्याच्या खिशात मोबाइल आहे, तेव्हा एका जेवणानं तुम्हाला किती अवधी मिळेल हे मला कळतं. पण तो उत्तराला पोहोचेपर्यंत कोणाला फोन करणार नाही. अर्धवट काम दाखवायचं नाही, ही सवय मीच लावलीय.

मापं तपासतो म्हणून नकाशा मी आत आणला आणि चुलीत घातला. त्यानं मागितलासुद्धा नाही. फोटोच्या पाठीवर आठवणीनंच सगळं काढायला बसलाय, नाला, रस्ता, प्लॉट. दारातून मला त्याचा उजवा हात दिसतोय. पट्टी घेतलेली नाही, यशू, आणि रेघ सरळ येतेय.

मामा